सव्वा वर्षाच्या मुलीसाठी लाकडी विमान : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

माझ्या भावाच्या मुलीसाठी एक लाकडी विमान तयार करावयाचे आहे. ती आता चौदा महिन्यांची आहे, म्हणजे वस्तू हातात आली की प्रथम तोंडात जाते, मग जमिनीवर आपटली जाते आणि त्यानंतर कधीतरी तिच्याशी खेळ सुरू होतो. त्यामुळे हे विमान दिसते कसे हा प्रश्न दुय्यम आहे. ते चावले, चाटले, फेकले आणि त्यावर कोणी चुकून पाय दिला तर त्याचे काय होईल, यावरून त्याची रचना ठरवावयाची आहे.

बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० लागू आहे. तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले. घरात एकाच मुलीसाठी केलेल्या वस्तूला तो आदेश लागू होत नाही. परंतु त्यामागील आयएस ९८७३ या मानकातील विचार घरच्या कामालाही तंतोतंत लागू पडतो, म्हणून त्यातील यांत्रिक सुरक्षिततेच्या अटी मी समोर ठेवणार आहे.

त्यातील सर्वांत महत्त्वाची अट लहान भागांची आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यातील कोणताही सुटा भाग, किंवा ओढाताणीत सुटून येणारा भाग, ३१.७ मि.मी. व्यासाच्या आणि तिरप्या तळामुळे २५.४ ते ५७.१ मि.मी. खोल असलेल्या नळकांड्यात पूर्णपणे मावता कामा नये. मावला, तर तो घशात अडकू शकतो. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या सुतारकाकांना हे आकडे सांगितले तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटून लगेच हिशेब सांगितला, "म्हणजे सव्वा इंच रुंद, आणि एक ते सव्वादोन इंच खोल. दहा सुतांचे भोक." काकांचे सगळे काम आजही सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि इंचांत चालते, आणि या मापाच्या बाबतीत त्यांचे परिमाण मिलिमीटरपेक्षा लक्षात ठेवायला सोपे आहे.

या कामासाठी मी एक नियम ठरवला आहे : गोंदाचा प्रत्येक सांधा कधी ना कधी सुटणारच, असे गृहीत धरावयाचे. सांधे सुटून विमानाचे सगळे भाग वेगवेगळे झाले, तरी त्यांतील एकही भाग त्या नळकांड्यात मावता कामा नये. खिळा, स्क्रू, स्प्रिंग, चुंबक आणि दोरी यांचा विचारच करावयाचा नाही.

३ जून, मंगळवार

विमानाचा नमुना ठरला. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर जे विमान उतरवले, ते डी हॅविलंड कंपनीचे पुस मॉथ. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा आहे आणि मुंबईच्या मुलीला मुंबईत उतरलेले विमान द्यावे, ही माझी हौस. पण निवडीचे खरे कारण रचनेत आहे. पुस मॉथचे पंख धडाच्या वरच्या बाजूला आहेत. त्यामुळे डावा आणि उजवा असे दोन वेगळे पंख कडेने चिकटवण्याऐवजी एकच सलग फळी धडावर आडवी बसवता येते. शिवाय ते शेपटीवर टेकणारे विमान आहे. म्हणजे पुढे दोन चाके आणि मागे नुसता टेकू. हा टेकू धडाच्या लाकडातूनच कोरता येईल, त्यामुळे तिसऱ्या चाकाची, त्याच्या आसाची आणि त्याच्या भोकाची चिंता मिटली.

नाकावरच्या पंख्यावर मात्र बराच वेळ विचार करावा लागला. तो फिरता ठेवायचा, तर मधोमध एक खुंटी हवी आणि खुंटीला टोपी हवी. ती टोपी कितीही मोठी धरली तरी खुंटीसह सव्वा इंचाच्या भोकात सहज जाते. भावाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अगं, पंखा फिरणार नसेल तर ते विमान कसले?" त्याचे म्हणणे मोठ्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. चौदा महिन्यांच्या मुलीला मात्र फिरणारी चाके पुरेशी असतात, आणि पंख्याच्या पात्यांमध्ये बोट घालण्याची संधी तिला न मिळालेलीच बरी. नाकाचा पुढचा भाग गोल करून त्यावर दोन पात्यांचा आकार रुंद आणि उथळ कोरावयाचा, असे ठरले. खोल कोरीव रेघ नको, कारण त्यात लाळ आणि बिस्किटाचा भुगा साचतो आणि पावसाळ्यात तेथेच बुरशी धरते.

७ जून, शनिवार

लाकडासाठी सकाळी रे रोडला लकडी बंदरच्या बाजूला जाऊन आले. परळहून हे अंतर थोडेच आहे, पण यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसल्यामुळे दुकानांपुढे रचलेली लाकडे अर्धी ताडपत्रीखाली आणि अर्धी पाण्यात होती. हात लावताच गार लागणारे लाकूड घेण्यात अर्थ नसतो.

तेथे सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारे लाकूड म्हणजे परदेशी खोक्यांचे आणि पॅलेटचे पाईन. घरगुती खेळण्यांसाठी ते वापरण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून येथे नोंदवून ठेवते. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या अशा लाकडावर कीड मारण्याच्या प्रक्रियेचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते आणि 'एमबी' असतील तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबी शिक्क्याचे लाकूड मुलांच्या वस्तूंसाठी घ्यायचेच नाही. एचटी शिक्क्याच्या लाकडावरही प्रवासात काय सांडले असेल ते कळायला मार्ग नसतो, आणि पाईनच्या गाठींतून डिंक पाझरतो. त्यामुळे मी तेही नाकारले. प्लायवूड आणि एमडीएफ हे तर विचारातही नव्हते : एकाच्या कडेला पापुद्रे सुटतात, दुसरा ओला झाला की फुगतो, आणि दोन्हींच्या चिकट द्रव्यात सहसा फॉर्मल्डिहाइड असते.

सागवान टिकाऊ आहे, परंतु त्यात नैसर्गिक तेलकटपणा असल्याने गोंद धरताना त्रास होतो आणि त्याचा भुसा अनेकांच्या त्वचेला व नाकाला चुरचुरतो. शिसवाचा रंग देखणा, पण त्याची अॅलर्जी होणारी माणसे आहेत आणि ते वजनाला जड पडते. माझ्या हिशेबाने या मापाचे विमान शिसवात केले तर अर्ध्या किलोच्या जवळ जाईल. मुलीच्या हातातून सुटून तिच्याच पायावर पडणाऱ्या वस्तूला हे वजन फार झाले.

अखेर लाकूड घरातच निघाले. सुतारकाकांच्या माळ्यावर सिंधुदुर्गातून आणलेली शिवणीची एक फळी आणि एक जाड तुकडा आहे. त्या लाकडांनी तेथे कित्येक पावसाळे काढले आहेत. शिवण हलकी असते, फारशी आकसत वा वाकत नाही आणि पटाशीखाली लोण्यासारखी कापली जाते. चाकांसाठी काकांनी हेदाचे लाकूड सुचवले. हेद बारीक आणि एकसारख्या पोताचा असतो, खरादावर (लेथवर) उत्तम उतरतो, पूर्वी गिरण्यांतील बॉबिन त्याच्या होत असत, आणि मुख्य म्हणजे त्याचा रंग मुळातच पिवळसर आहे. फिकट शिवणीवर पिवळी चाके आपोआप उठून दिसतील आणि रंगाचा डबा उघडावा लागणार नाही.

शिवणीचा एक छोटा तुकडा कापून स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करून ठेवला आहे. माळ्यावरची हवा आणि माझ्या गॅलरीतील हवा यांत फरक असतो. रोज वजन करावयाचे आणि ते स्थिर झाले की लाकूड घराच्या हवेला सरावले असे समजून मग माप आखावयाचे.

१४ जून, शनिवार

तुकड्याचे वजन आता बदलत नाही. आखणीपूर्वी चाचणीचा ठोकळा तयार केला : जाड लाकडात सव्वा इंचाचे भोक पाडून त्याच्या तळाशी तिरपा काप दिला आणि खालून फळी चिकटवली. आता प्रत्येक भागाची मापे कागदावर तपासता येतील आणि नंतर प्रत्यक्षही.

या ठोकळ्यामुळे चाकांची रचना बदलली. मूळ आराखड्यात चाके ४५ मि.मी. व्यासाची आणि २० मि.मी. जाडीची होती. अखंड चाक ठोकळ्यात जात नाही, हे उघड आहे. पण एक चाक आणि आस खरादावर एकाच लाकडातून काढायचे ठरले होते, आणि तसे केले म्हणजे लाकडाचे तंतू आसाच्या दिशेने धावतात. मग चाक फुटलेच, तर ते व्यासाच्या रेषेत उभे फुटते. अशा अर्ध्या चाकाचा मधला छेद २२.५ गुणिले २० मि.मी., म्हणजे कर्ण सुमारे ३० मि.मी., आणि लांबी ४५. हा अर्धा तुकडा उभा धरला तर ठोकळ्यात पूर्ण उतरतो. म्हणून चाक ५५ मि.मी. व्यासाचे आणि २५ मि.मी. जाडीचे केले. आता अर्ध्या चाकाचा कर्ण ३७ मि.मी. येतो आणि ते कोणत्याही बाजूने आत शिरत नाही. विमान थोडे बाळसेदार दिसेल, पण त्याला माझी हरकत नाही.

हाच विचार शेपटीच्या उभ्या पंखाला लागू केला. तो धडातूनच कोरला आहे, म्हणजे सुटण्याचा प्रश्न नाही. परंतु धडाचे तंतू आडवे धावत असल्याने उंच आणि पातळ पंख त्या रेषेत सहज मोडेल. त्यामुळे तो २८ मि.मी. इतकाच उंच, १८ मि.मी. जाड आणि तळाशी ६० मि.मी. लांब ठेवला. मोडला तरी त्याची लांबी ठोकळ्याच्या खोलीपेक्षा जास्त आहे.

बाकीची मापे अशी : धड २०० मि.मी. लांब, ४५ रुंद, ५० उंच, पंखांमागे निमुळते होत २८ मि.मी. रुंदीपर्यंत आलेले, म्हणजे छोट्या मुठीत नीट धरता येईल. पंखाची फळी २१० गुणिले ५० गुणिले १५. शेपटीचा आडवा पंख ९० गुणिले ३० गुणिले १२. आसाची जाडी १४ आणि धडातील भोक १५. पावसाळ्यात आस फुगतो, म्हणून १ मि.मी. मोकळीक लागतेच. चाक आणि धड यांमधील फटीबद्दलही एक उपयुक्त अट आहे : हलत्या भागांमध्ये ५ मि.मी.ची सळई जात असेल, तर तेथे १२ मि.मी.चीही गेली पाहिजे. मधल्या मापाच्या फटीत बोट जाते आणि अडकते. दोन्ही बाजूंची मोकळीक मिळून मी ३ मि.मी. ठेवली आहे, म्हणजे विमान एका बाजूला पूर्ण सरकले तरी फट ५ पर्यंत पोहोचत नाही.

१५ जून, रविवार

आज फक्त गोंद. आपल्याकडे पांढऱ्या गोंदाला सरसकट फेव्हिकॉल म्हणण्याची रीत असली तरी पांढऱ्या पीव्हीए गोंदाचे प्रकार आहेत, आणि साधा व पाण्याला टिकणारा यांत या कामापुरता मोठा फरक पडतो. चिकटवलेल्या लाकडी खेळण्यांसाठी युरोपच्या ईएन ७१ मानकात भिजवण्याची चाचणी आहे : खेळणे चार मिनिटे पाण्यात बुडवावयाचे, दहा मिनिटे बाहेर ठेवावयाचे, असे चार वेळा. शिवणीच्या टाकाऊ तुकड्यांचे दोन जोड करून, एक साध्या गोंदाचा आणि एक पाण्यापासून संरक्षण देणाऱ्या डी३ वर्गातील गोंदाचा, पूर्ण वाळल्यावर त्यांना या क्रमातून नेले.

चौथ्या बुडवणीनंतर साध्या गोंदाच्या जोडाच्या कडेने पांढरी रेघ उमटली. ती नखाने खरवडली असता मऊ लागली आणि जोड हाताने पिळल्यावर एका टोकाकडून तोंड उघडू लागला. डी३ गोंदाच्या जोडाची रेघ पारदर्शक आणि टणक राहिली. तो मोडण्यासाठी शिकंज्यात धरून हातोडी मारावी लागली, तेव्हा जोडाऐवजी शेजारचे लाकूड उपटून आले. निर्णय सोपा झाला. लाळेत भिजणारे खेळणे म्हणजे रोज थोडे थोडे पाण्यात ठेवलेले खेळणे.

२२ जून, रविवार

पंख धडावर कसा बसवायचा, हे आज सुतारकाकांनी ठरवून दिले. माझा बेत धडात चौकोनी खाच घेऊन पंख त्यात चिकटवण्याचा आणि वरून दोन लाकडी खुंट्या ठोकण्याचा होता. काकांनी कागदाकडे पाहून विचारले, "खुंटी केवढी?" दहा मिलिमीटर जाड आणि पस्तीस लांब, असे मी सांगितले. त्यांनी काही न बोलता चाचणीचा ठोकळा माझ्यापुढे सरकवला. "खुंटी नको. डवटेल कर. पंख बाजूने सरकव, वर ओढून निघणार नाही."

त्याप्रमाणे खाचेच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूला तिरप्या कापल्या, म्हणजे खाच वर अरुंद आणि तळाशी रुंद. पंखाच्या फळीच्या कडाही तशाच तिरप्या रंधल्या. फळी एका बाजूने खाचेत सरकवत आणली की ती वरच्या दिशेने उचलली जात नाही. गोंद गेला तरी केवळ बाजूला सरकेल, आणि सरकून निघाली तरी ती २१० मि.मी. लांबीची एकच फळी आहे. खाच कापताना आधी दोन्ही बाजूंच्या रेषा करवतीने कापून घेतल्या, मग मधले लाकूड पटाशीने दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत उचलत आणले. एकाच बाजूने पटाशी आरपार नेली तर पलीकडची कड ढलपीसह उडते.

धड आणि पंख यांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने पावसाळा आणि हिवाळा यांत ते वेगवेगळे फुगतील व आकसतील. मोठ्या जोडात ही गोष्ट घातक ठरते. येथे जोडाची रुंदी ५० मि.मी.च्या आत आहे आणि शिवण मुळात कमी हलणारी. मुंबईच्या हवेतील वर्षभराच्या चढउताराला हा फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतो, तेवढे गोंदाचा थर सोसतो.

आसाचे भोक धडाच्या तळापासून १८ मि.मी. उंचीवर, काटकोन तपासून, दोन्ही बाजूंनी गिरमिट चालवून मध्ये मिळवले.

२८ जून, शनिवार

खराद कामाच्या दुकानातून चाके आली. एक चाक आसासह अखंड, दुसऱ्या चाकात १८ मि.मी. खोल आंधळे भोक, म्हणजे बाहेरून आसाचे टोक दिसत नाही. कारागिराने सवयीने चाकांवर लाखेचा रंग चढवण्याची तयारी केली होती. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. चन्नपट्टणच्या खेळण्यांची चकाकी याच पद्धतीची. लाख स्वतः निरुपद्रवी आहे, औषधी गोळ्यांवरही तिचा मुलामा असतो, परंतु कांडीत मिसळलेला रंग कोणता हे त्यांना सांगता येईना. चाके तशीच कोरी घेतली.

पंख, शेपटीचा आडवा पंख आणि चाके आज चिकटवली. आसावर गोंद लावताना तो धडाच्या भोकात सांडू नये म्हणून आधी भोकाच्या आतून मेण फिरवले होते.

५ जुलै, शनिवार

आज घासकाम. पंखाच्या कडा, नाक आणि शेपटी कानशीने गोल केली आणि नंतर ८०, १२०, १८०, २४० आणि ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासले. मधला क्रमांक गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात आणि ते तेल लावल्यावरच दिसतात. लाकडाची धूळ फुप्फुसांना वाईट. मास्क लावून, गॅलरीत बसून आणि खालच्या मजल्यावरील वाळत घातलेले कपडे उचलले गेल्यावरच हे काम केले.

६ जुलै, रविवार

घासलेले लाकूड कितीही गुळगुळीत वाटले तरी ओले झाले की त्याची लव उभी राहते. मुलगी विमान तोंडात घालणार, म्हणजे ही लव तिच्याच ओठांना लागणार; त्यापेक्षा ती आपणच आधी उठवून काढावी. ओल्या फडक्याने संपूर्ण विमान पुसले, पंख्याखाली वाळू दिले आणि ३२० च्या कागदाने हलक्या हाताने पुन्हा घासले. दुसऱ्यांदा पुसल्यावर लव जवळजवळ उठलीच नाही.

त्यानंतर कापसाच्या बोळ्याने तपासणी केली. सुका कापूस लाकडावरून सर्व दिशांनी फिरवायचा; जेथे कुसळ असेल तेथे कापसाचा धागा अडकून मागे राहतो. डोळ्यांना आणि बोटांना न सापडलेली दोन ठिकाणे कापसाने दाखवली : एक पंखाखाली खाचेच्या कोपऱ्यात, दुसरे आसाच्या भोकाच्या तोंडाशी. आषाढीची गर्दी टीव्हीवर चालू असताना आईने हे काम हाती घेतले आणि तिने शेपटीखाली तिसरे शोधले. तेथे माझे लक्षच गेले नसते.

१२ जुलै, शनिवार

आज अंतिम लेप. हा भाग सर्वांत जास्त चर्चेचा ठरला. वहिनीचे म्हणणे असे की, "ताई, निदान चाके तरी लाल कर, ती लाल रंगाकडे लगेच बघते." ती बघते हे खरे आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा) जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण औद्योगिक वापराचे रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत आणि सुतारकामाच्या दुकानात सुटा मिळणारा रंग कोणत्या डब्यातला आहे हे विचारून उपयोग नसतो. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो आणि त्याचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही. मग हळद लावावी, अशी सूचना आली. हळदीचा रंग उन्हाने उडतो आणि साबण लागला की लालसर होतो, हे सोडून दिले तरी सुट्या हळदीत चकाकीसाठी लेड क्रोमेटची भेसळ झाल्याची प्रकरणे दक्षिण आशियात आढळली आहेत. हेदाचा पिवळेपणा पुरेसा आहे, यावर अखेर एकमत झाले.

लेपाचे पर्यायही तपासले. फर्निचरचे मेलामाइन पॉलिश वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडते, म्हणून नको. स्पिरिटमधील चपडी लाख चालली असती, परंतु जुलैच्या दमट हवेत स्पिरिट उडताना हवेतील बाष्प तिच्यात अडकते आणि पृष्ठभागावर पांढुरका धुरकटपणा येतो. शेंगदाण्याचे तेल खवट होते आणि त्याची अॅलर्जी असणारी मुले असतात. खोबरेल वाळतच नाही. हार्डवेअरच्या दुकानातील 'बॉइल्ड' अळशी तेलात ते लवकर वाळावे म्हणून कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. राहिले ते लाकडी घाण्याचे, खाण्याचे जवस तेल आणि मधमाश्यांचे मेण. चार भाग तेलात एक भाग मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवले आणि कोमट असतानाच अगदी पातळ हात दिला. अर्ध्या तासाने सुक्या फडक्याने पुसून लाकूड कोरडे केले. जाड थर दिला तर पावसाळ्यात तो महिनाभर चिकट राहतो.

जवस तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसतात. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडली तर फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी पाण्यात भिजवून नंतर दोरीवर सुटी पसरून वाळत घातली. ही खबरदारी मुलीपेक्षा आमच्या लाकडी जिन्याच्या चाळीसाठी अधिक आवश्यक आहे.

१९ जुलै, शनिवार

दुसरा पातळ हात. बाकी फक्त थांबणे.

२ ऑगस्ट, शनिवार

तेलाचा वास पूर्ण गेला आहे आणि पांढरे कापड दाबून घासले तरी त्यावर डाग येत नाही. विमानाचे वजन ३१० ग्रॅम भरले. आज चाचण्या घेतल्या.

ओढण्याच्या चाचणीसाठी मानकात ७० न्यूटन बल सांगितले आहे, म्हणजे साधारण सात किलो वजनाचा भार, दहा सेकंदांपर्यंत. प्रवासाच्या सामानाचा हुकाचा काटा वापरला. चाकामागे मऊ पट्टा अडकवून काटा सात किलोंवर जाईपर्यंत ओढला. दोन्ही चाके, शेपटीचा आडवा पंख आणि मुख्य पंखाची दोन्ही टोके यांवर ही चाचणी केली. चाके पिळूनही पाहिली. कोठेही हालचाल झाली नाही आणि करकर ऐकू आली नाही. मग टेबलाच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर विमान वेगवेगळ्या बाजूंनी पाडले : नाकावर, पंखाच्या टोकावर, चाकावर, उलटे. नाकावर एक खळगा पडला, पंखाच्या टोकाला चपटेपणा आला, परंतु तडा गेला नाही. शेवटी विमान जमिनीवर उभे ठेवून मी स्वतः त्यावर पाय देऊन उभी राहिले, कारण या घरात रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठणारी माणसे आहेत आणि आस मोडला तर त्याचा तुकडा मात्र ठोकळ्यात मावणारा असेल. चौदा मिलिमीटरच्या हेदाने माझे वजन सहज पेलले.

खळग्याच्या कडा कापसाने तपासल्या. नाकावर पाण्याचा थेंब ठेवल्याने दबलेले तंतू बरेचसे वर आले. राहिलेला भाग ३२० च्या कागदाने मिळवून घेऊन त्यावर मेणतेलाचे बोट फिरवले. ते वाळले की विमान कांदिवलीला पाठवायचे.

१० ऑगस्ट, रविवार

विमान आज भावाकडे दिले. वहिनीला तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, ते पाण्यात बुडवून धुवायचे नाही. ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवायचे, आणि स्पिरिटचे पुसणे किंवा जंतुनाशक त्यावर वापरायचे नाही. दुसरी, दर आठवड्याला चाके हाताने ओढून आणि पिळून पाहायची व पंखाच्या जोडाजवळ नखाने चाचपायचे. तिसरी, कोठेही तडा किंवा टोकदार कड दिसली की विमान त्याच क्षणी वर ठेवायचे आणि मला फोन करायचा. घरात डिंकाने चिकटवून ते पुन्हा तिच्या हातात द्यायचे नाही.

मुलीने विमान प्रथम नाकाकडून तोंडात घातले. चाके फिरतात हे तिला ते उलटे धरल्यावर समजले, आणि त्यानंतर ते बराच वेळ उलटेच राहिले.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिली तपासणी. पंखाच्या पुढच्या कडेवर दातांच्या खुणा आहेत. त्या खोलगट असल्या तरी त्यांच्या कडा गोल आहेत आणि कापूस अडकत नाही, म्हणून घासल्या नाहीत. जोड घट्ट आहेत. उजवे चाक पूर्वीपेक्षा जड फिरते आहे. आसाच्या भोकाशी लाळ आणि बिस्किटाचा भुगा जमला होता. तो लाकडी काडीने काढल्यावर चाक मोकळे झाले. त्याच जागी मेणतेलाचा पातळ हात दिला. हवेतील दमटपणा कमी झाल्यावर आसाची मोकळीक थोडी वाढेल, तेव्हा धडाजवळची फट पुन्हा मोजावी लागेल. ती तपासणी ऑक्टोबरच्या उन्हात करावयाची आहे.